पीएच नॉर्मल, पेशंट नाही

मे महिन्यातल्या नागपूरचा एक रुग्ण डोळ्यांपुढे आणू. बांधकामावरचा मजूर, चाळिशीच्या आतला, भर दुपारी काम करता करता कोसळलेला. अंगात ४१ अंश ताप, बोलणे असंबद्ध, श्वास मिनिटाला ३४. मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत उन्हाळ्यात शीतकक्ष उघडतात ते अशांसाठीच. धमनीतल्या रक्ताचा नमुना जातो आणि एबीजीची चिठ्ठी येते : पीएच ७.३८, पीसीओटू २४, बायकार्बोनेट १४. रुग्ण काल्पनिक आहे. आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे आणि उष्माघातात सहज दिसू शकणारे आहेत. ही चिठ्ठी बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीपुढे ठेवली, तर ती बहुधा वहीत तीन रकाने आखेल : आम्ल, नॉर्मल, आम्लारी. फुली-गोळ्याच्या खेळासारखे दिसते म्हणून ही पद्धत त्याच नावाने गाइडांत आणि व्हिडिओंत फिरते. पीएच ७.३५ ते ७.४५ च्या आत, म्हणजे नॉर्मल; पण ७.४० च्या खाली, म्हणजे कल आम्लाकडे. बायकार्बोनेट २२ ते २६ च्या खाली, तेही आम्लाच्या रकान्यात. पीसीओटू ३५ ते ४५ च्या खाली, तो उलट्या रकान्यात. उत्तर तयार : पूर्ण भरपाई झालेला मेटाबॉलिक ॲसिडोसिस. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळण्याची शक्यता दाट आहे.

उत्तर चुकीचे आहे, आणि चूक किरकोळ नाही. रक्तात आम्ल वाढले की फुफ्फुसे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, हे खरे. पण किती टाकतात याला एक माप आहे. अल्बर्ट, डेल आणि विंटर्स यांनी १९६७ साली ते मोजून मांडले : बायकार्बोनेटची दीडपट करा, त्यात ८ मिळवा, येईल तो अपेक्षित पीसीओटू, दोनाचा फरक इकडे किंवा तिकडे चालेल. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी-निमकीबरोबर दीडकी पाठ केली होती, तीच इथे कामाला येते. १४ ची दीडकी २१, अधिक ८, झाले २९. म्हणजे निव्वळ मेटाबॉलिक ॲसिडोसिस असता, तर या मजुराचा पीसीओटू २७ ते ३१ असायला हवा होता. तो २४ आहे. फुफ्फुसे भरपाईपुरती चाललेली नाहीत. ती स्वतंत्र कारणाने, तापलेल्या मेंदूच्या हुकमाने, गरजेपेक्षा जोरात चालली आहेत. इथे एक नव्हे, दोन आजार आहेत : लॅक्टिक आम्ल साठल्याने झालेला मेटाबॉलिक ॲसिडोसिस आणि अतिश्वसनाने झालेला रेस्पिरेटरी अल्कलोसिस. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जीव तोडून ओढत असल्या की दोरी जागची हलत नाही. तसा हा पीएच ७.३८ वर उभा आहे. ‘पूर्ण भरपाई’ या शब्दांनी विद्यार्थिनीला जे कळते ते नेमके उलटे : शरीराने सांभाळून घेतले, आता घाई नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की ‘पूर्ण भरपाई’ हा रकाना नर्सिंगच्या शिकवणुकीतून काढून टाकावा आणि त्याच्या जागी अपेक्षित भरपाईचा हिशेब शिकवावा. तोही चिठ्ठी हातात देण्याआधी रुग्णाचा श्वास मोजायला लावून. याला विरोध आहे, आणि तो विचार न करता केलेला नाही. तो एका इन्चार्ज सिस्टरच्या तोंडी घालतो, आणि त्याला उत्तर एका ट्यूटर मॅडमच्या. दोघीही कुणी खऱ्या व्यक्ती नाहीत. नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात या दोन बाजू समोरासमोर येऊ शकतात, एवढेच. मला जिथे राहवणार नाही तिथे मीही मध्ये बोलेन.

सिस्टर : मॅडम, तुमची दीडकी चुकली असं मी म्हणून नाही राहिली. पण पोरी वॉर्डात येतात तेव्हा काय होतं ते पाहा. चिठ्ठी आली की चौघी चिठ्ठीभोवती. पेशंटजवळ कोणीच नाही. अन् ती चिठ्ठी ज्या सिरींजमधून आली, ती भरली कशी, हे कोणी विचारलं? व्हायलमधून हेपरिन ओढलं, सिरींज आतून ओली केली, पण उरलेलं बाहेर ढकललंच नाही. वरून रक्त घेतलं जेमतेम एक मिली. चौथा हिस्सा हेपरिनच गेलं तर धडधाकट माणसाचा पीसीओटू चाळीसचा तीसच्या आसपास येतो, बायकार्ब चोवीसचा अठरा. पीएच जवळपास तिथंच राहतो. झाली तुमची भरपाई! त्यात मे महिना. पंख्याखाली, बेचाळीस अंशांत नमुना टेबलावर पडून राहिला, वॉर्डबॉय दुसऱ्या कामाला गेला. सिरींजमधल्या पेशी मेलेल्या नसतात. त्या ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, लॅक्टिक आम्ल करतात. प्लास्टिकची सिरींज असेल तर अर्ध्या तासाच्या आत मशीनवर लागली पाहिजे. हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन भलताच येतो. आधी हे शिकवा. रेडियल आर्टरीवर टोचण्याआधी ॲलन टेस्ट, टोचल्यावर पाच मिनिटं दाब, बुडबुडा काढून टोपण, हातानं फिरवणं, चिठ्ठीवर ऑक्सिजन किती लिटर चालू आहे ते लिहिणं. एवढं नीट जमलं तरी नर्सचं काम झालं.

मॅडम : सिस्टर, यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. पण तुम्हीच दिलेलं उदाहरण घेऊ. ७.४०, ३०, १८ अशी चिठ्ठी आली. ‘पूर्ण भरपाई’ शिकलेली मुलगी ती वाचते, नाव देते आणि फाइल बंद करते. तिला शंका यायला जागाच नाही, कारण तिच्या तक्त्यात या आकड्यांसाठी घर तयार आहे. आता दुसरी मुलगी घ्या. तिला शिकवलंय की मेटाबॉलिक ॲसिडोसिसची भरपाई पीएचला सहसा थेट नॉर्मलवर आणून सोडत नाही. थोडा आम्लपणा शिल्लक राहतोच. ती अठराची दीडकी करते, सत्तावीस. अधिक आठ, पस्तीस. समोर तीस आहे. ती थबकते. मग तिच्यापुढे दोनच रस्ते उरतात : एक तर पेशंटला दोन आजार आहेत, नाहीतर नमुन्यात गोंधळ आहे. ती पेशंटकडे बघते. तो सोळाच्या गतीनं शांत श्वास घेत पडलाय, गप्पा मारतोय. ती सिरींज आठवते. तुमचं हेपरिन तिलाच सापडतं, पहिलीला नाही.

इथे सिस्टरांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दीडकीने त्या मुलीला थबकवले, पण दोन रस्त्यांपैकी खरा कोणता हे गणिताने सांगितले नाही. ते रुग्णाच्या श्वासाने सांगितले. यंत्राचा आकडा आजूबाजूच्या जगाशी ताडून पाहायचा असतो, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. शहरात इतरत्र पारा ४४ च्या आसपास होता. संवेदक बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. पण ५६ चा आकडा तोवर देशभर फिरून आला होता. रक्तवायूंच्या यंत्राचे तर याहून बारकावे आहेत. त्यातला बायकार्बोनेट मोजलेला नसतोच. पीएच आणि पीसीओटू मोजून यंत्र तो गणिताने काढते. त्यामुळे छापील चिठ्ठी स्वतःशी नेहमी जुळते. फोनवर ऐकून केसपेपरवर उतरवलेली जुळेलच असे नाही. त्यासाठी एक सोपा ताळा आहे : २४ ला पीसीओटूने गुणा, बायकार्बोनेटने भागा, येणारी संख्या ८० मधून पीएचच्या दशांशापुढचे दोन आकडे वजा केल्यावर उरते तिच्या जवळ हवी. मजुराच्या चिठ्ठीत पहिली ४१ येते, दुसरी ४२. हा ताळा पीएच साधारण ७.२० ते ७.५० असतानाच चालतो.

सिस्टर : बरं, थबकली. पुढं काय? ती निदान करणार? औषध लिहिणार? वाचणं डॉक्टरचं काम आहे, मॅडम. रेसिडेंट आहे, वर कन्सल्टंट आहे. आता तर मशीनच खाली छापून देते काय झालं ते. माझ्याकडे रात्रपाळीला दोन सिस्टर अन् भरलेला वॉर्ड. त्यांनी दीडक्या करत बसावं की सलाइन पाहावं? उद्या एखादी म्हणेल, मला वाटतं मिक्स्ड डिसऑर्डर आहे, म्हणून मी ऑक्सिजन कमी केला. त्याला जबाबदार कोण?

मॅडम : ऑक्सिजन कमी करायला मी शिकवतच नाही. मी शिकवते फोन करायला. रात्री दोनला रेसिडेंटला उठवायचं की सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं, हा निर्णय आजही नर्सच घेते. फक्त तिला ते निर्णय म्हणून कुणी शिकवत नाही. ‘सर, बेड नंबर सहाचा एबीजी आलाय, पीएच नॉर्मल आहे’ असा फोन गेला तर पलीकडून ‘बरं’ येईल. ‘पीएच नॉर्मल आहे, पण बायकार्ब चौदा असताना पीसीओटू चोवीस आहे, एकोणतीसच्या आसपास हवा होता, श्वास चौतीस आहे, शुद्ध कमी होतेय’ असा गेला तर माणूस खाली येईल. यात निदान कुठंय? आणि यंत्राच्या छापील शेऱ्याचं म्हणाल, तर यंत्राला सिरींज माहीत नाही, पेशंट माहीत नाही.

‘डॉक्टर वाचतील’ हा आक्षेप इतका रुळलेला आहे, की त्याला इतिहासातून उत्तर द्यावेसे वाटते. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले येऊ लागली, आणि पहिल्या काही आठवड्यांत श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. या मुलांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसत होते. त्या काळी मोजायची सोय त्याचीच होती, आणि त्यातला बहुतेक भाग बायकार्बोनेटचा असल्याने तिथल्या अनुभवी डॉक्टरांनी वाचन केले : अल्कलोसिस, कारण अज्ञात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावल्यावर त्याने उलटे वाचले. मुलांना श्वास पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड कोंडला आहे, बायकार्बोनेट वाढला तो मागाहून. हा ॲसिडोसिस आहे. २७ ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास दिला आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून शेकडो रुग्णांना असाच श्वास दिला, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम बहुतेक इतिहासकार या साथीत शोधतात. वाचन चुकले ते अडाण्यांचे नव्हे; आकडा एकटा होता आणि त्याच्या जोडीला ‘अपेक्षित किती’ हा प्रश्न नव्हता. तो प्रश्न विचारायला पदवी कोणती लागते, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

सिस्टर : तुमच्याच गोष्टीतून माझं म्हणणं निघतं, मॅडम. त्या डॉक्टरनं मुलीकडे पाहिलं. आकड्याच्या आधी श्वास पाहिला. कुसमॉल म्हणून जो खोल श्वास तुम्ही शिकवता, तो त्या माणसानं १८७४ साली सांगितला. तेव्हा पीएच हा शब्दसुद्धा नव्हता. तो १९०९ चा. डोळ्यांनी दिसत होतं तेच त्यानं लिहिलं. शुगर वाढून आलेला पेशंट खोल-खोल श्वास घेऊन राहिला, तोंडाला गोडसर वास आहे, हे दिसलं की मला चिठ्ठी लागत नाही. नजर तयार करा. गणित मागून येईल.

मॅडम : नजर हवीच. पण नजरही फसते, आणि कुठं फसते ते गणित सांगतं. तोच पेशंट पुढं नेऊ. बायकार्ब दहा. संध्याकाळी श्वास छत्तीस. रात्री दोनला बावीस. नातेवाईक म्हणतात, सिस्टर, आता आराम पडला, झोपला बिचारा. चिठ्ठी येते : ७.०९, पीसीओटू ३४, बायकार्ब १०. तीन रकान्यांची मुलगी काय म्हणेल? पीसीओटू पस्तीसच्या खाली आहे, म्हणजे भरपाई चालू आहे, अर्धवट का होईना. आता दीडकी करा. पंधरा अधिक आठ, तेवीस. चौतीस हा आकडा नॉर्मलपेक्षा कमी असूनही या पेशंटसाठी अकरानं जास्त आहे. तो झोपलेला नाही, थकलाय. श्वासाचे स्नायू हात टेकून राहिलेत. शांत झालेला श्वास इथं सुधारणा नाही, धोका आहे. नुसत्या नजरेला तो आराम दिसला असता.

सिस्टर : हं. हे मात्र मी पाहिलं आहे.

या एका उदाहरणावर मी अधिक रेंगाळतो, कारण माझा सगळा युक्तिवाद इथे एकवटतो. अपेक्षित पीसीओटूचा हिशेब म्हणजे दुसरे काय? या रुग्णाने आत्ता किती श्वास घ्यायला हवा, याचे उत्तर. आणि तो प्रत्यक्षात किती घेतो आहे, हे रुग्णालयात ठरलेल्या वेळांना मोजणारी व्यक्ती एकच : नर्स. रेसिडेंट चिठ्ठी वाचतो तेव्हाचा श्वास बघतो. संध्याकाळचे ३६ आणि रात्रीचे २२ एका ओळीत फक्त नर्सच्या तक्त्यावर असतात. सूत्राची अर्धी बाजू तिच्या हातात आहे आणि उरलेली अर्धी आपण तिला शिकवत नाही. याचा परिणाम त्या तक्त्यावरही होतो. श्वासाची गती ही सर्वांत दुर्लक्षित नोंद आहे, असे जगभरच्या परिचर्या-अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसते. टीपीआरच्या कागदावर ओळीने सगळ्या रुग्णांपुढे २० लिहिलेले असते, ते न्यूमोनियाच्या आणि हर्नियाच्या रुग्णाला सारखेच. घड्याळ धरून मिनिटभर मोजण्याने पुढे काय होते, हे कळत नसेल तर कोण मोजेल? ज्या मुलीला ठाऊक आहे की ३६ चे २२ झाले यावर नळी घालायची की नाही हे ठरू शकते, ती २० ठोकून पुढे जाणार नाही. सिस्टरांना हवी असलेली नजर गणिताच्या मागून येते, असा माझा दावा आहे. निदान त्याच्या बरोबरीने तरी येते.

सिस्टर : पण आयसीयूत काय करता? अर्धे पेशंट व्हेंटिलेटरवर. स्वतःहून श्वास घेऊन नाही राहिले, तर भरपाई कोण करणार? तिथं तुमचं सूत्र चालत नाही. अन् फिट येऊन गेलेला पेशंट घ्या. आम्ल आत्ता वाढलं, श्वासाला जुळवून घ्यायला वेळ लागतो. दमेकरी म्हातारा घ्या. त्याचा पीसीओटू एरवीही साठच असतो. पोरगी त्याला पाहून धावाधाव करेल.

मॅडम : फिटचं म्हणणं मान्य. पुरती भरपाई व्हायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. पहिल्या तासाच्या चिठ्ठीला सूत्र लावून निष्कर्ष काढू नये, हे मी शिकवेनच. व्हेंटिलेटरचं मात्र उलट आहे. सूत्राची सगळ्यात जास्त गरज तिथंच. बायकार्ब दहाचाच पेशंट. स्वतः श्वास घेत होता तेव्हा पीसीओटू तेवीस ठेवून होता, पीएच ७.२६. नळी घातली, झोपेचं औषध दिलं, मशीनचा रेट चौदा ठेवला. पीसीओटू चाळीसला आला. चाळीस म्हणजे छान, नॉर्मल! पीएच किती झाला? ७.०२. नॉर्मल पीसीओटूनंच त्याला घालवलं. नळी घालण्याआधी तो छत्तीसनं श्वास घेत होता, हे ज्या नर्सला माहीत आहे आणि तो तसा का घेत होता हेही माहीत आहे, ती विचारेल : सर, रेट चौदाच ठेवायचा का?

दमेकरी म्हाताऱ्याचा प्रश्न विदर्भात दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. फवारणीत आणि विषप्राशनात सापडणाऱ्या ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषाने तोंडा-छातीत स्राव दाटतो, श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि कार्बन डायऑक्साइड कोंडतो. अशा रुग्णाची चिठ्ठी ७.२२, ६२, २५ अशी येऊ शकते. शेजारच्या खाटेवर वर्षानुवर्षे सीओपीडी असलेला म्हातारा आहे; त्याची ७.३३, ६२, ३२. पीसीओटू अगदी सारखा. फरक बायकार्बोनेटमध्ये आहे, आणि त्यालाही माप आहे : कार्बन डायऑक्साइड झपाट्याने कोंडला तर पीसीओटूच्या दर १० वाढीमागे बायकार्बोनेट १ ने वाढतो, मूत्रपिंडांना चार-पाच दिवस मिळाले तर साडेतीन-चाराने. पहिल्याचा ६२ आजचा आहे, दुसऱ्याचा जुना. पहिल्यासाठी धावायचे, दुसऱ्याला ऑक्सिजन जपून द्यायचा, सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये राहील एवढाच. पोरगी म्हाताऱ्याला पाहून धावाधाव करेल, ही सिस्टरांची भीती रास्त आहे; पण तसे करेल ती तीन रकाने शिकलेली. तिच्या तक्त्यात दोघेही ‘पीसीओटू जास्त’ याच खान्यात बसतात, आणि म्हाताऱ्याला ‘अर्धवट भरपाई’ हे लेबल लागते. खरे तर त्याच्या मूत्रपिंडांनी त्यांना शक्य होते ते सगळे केलेले आहे.

सिस्टर : म्हणजे मग सगळंच शिकवा. अनायन गॅप शिकवा, अल्ब्युमिनची दुरुस्ती शिकवा. पोरी पळून जातील.

इथे मी सिस्टरांच्या बाजूचा. अनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा आकडा, पदवीच्या मुलींना एकदा दाखवावा, घोकून घेऊ नये. त्याला अल्ब्युमिनची दुरुस्ती लागते : दर ग्रॅम घटीमागे अडीच. दीडकीनंतर अडीचकीही हवी म्हणायचे! कुपोषित, यकृताच्या, जुन्या आजाराच्या रुग्णांत ती न केल्यास वाढलेला गॅप झाकला जातो. कॅनडाच्या पीटर स्ट्युअर्टने १९८० च्या दशकात मांडलेली आयनांच्या फरकाची पद्धत तर बुद्धीला आनंद देणारी आहे, पण खाटेजवळ नर्सला तिचा उपयोग नाही. ती खुशाल वगळावी. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, हे सगळे तिथे शोभेल. शिवाय गॅप ज्यासाठी काढतात ते कारण पुष्कळदा नर्सच्याच इनटेक-आउटपुटच्या कागदावर लिहिलेले असते. रायल्स ट्यूबमधून दिवसाला दीड लिटर निघते आहे, म्हणजे पोटातले आम्ल चालले : अल्कलोसिस. जुलाब दहा वेळा, म्हणजे बायकार्बोनेट चालला : ॲसिडोसिस, गॅप न वाढता. नॉर्मल सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या, ज्यात लिटरमागे क्लोराइड १५४ असते आणि रक्तात असते शंभराच्या थोडे वर : पुन्हा ॲसिडोसिस. ओआरएसच्या पाकिटात सायट्रेट घालतात तो चवीसाठी नव्हे. शरीरात त्याचा बायकार्बोनेट होतो.

मॅडम : मग माझी मागणी लहान करते, सिस्टर. एक दीडकी अधिक आठ. एक ‘दहामागे एक की चार’. बाकी सगळं तुमचं : नमुना, श्वास, इनटेक-आउटपुट. आणि एक शब्द तुमच्या तोंडून मुलींना बंद करा, ‘फुल्ली कॉम्पेन्सेटेड’.

सिस्टर : तो शब्द पुस्तकात छापला आहे, मॅडम. प्रश्नपत्रिकेत येतो. मी वॉर्डात बंद करीन, तुम्ही पेपरात कसा बंद कराल?

सिस्टरांचा हा शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि त्याला मॅडमकडे उत्तर नाही. ते विद्यापीठाच्या हाती आहे. तीन रकाने टिकले आहेत, कारण ते तपासायला सोपे आहेत : दोन गुण, एक शब्द, बरोबर किंवा चूक. ते सरसकट निरुपयोगी नाहीत; पहिल्या दिवशी दिशा समजायला चालतील. पण ज्या दिवशी रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात, म्हणजे तो सर्वांत जास्त आजारी असतो, त्याच दिवशी ते दगा देतात. म्हणून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठासाठी प्रश्न काढणाऱ्या आणि नागपुरातल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. येत्या परीक्षेत एक चिठ्ठी अशी घाला जिच्यात पीएच नॉर्मल आहे आणि बाकीचे दोन्ही आकडे नाहीत. सोबत रुग्णाचा सहा तासांचा श्वासाचा तक्ता द्या. प्रश्न ‘निदान लिहा’ असा नको. विचारा, ‘तुम्ही डॉक्टरांना आत्ता फोन कराल का, आणि फोनवर काय सांगाल?’ गुण त्या फोनला द्या.